कर्करोगातील वेदना आणि मॉर्फिनची उपलब्धता : तंजावरपासून मुंबईपर्यंतचे चित्र

कर्करोगाच्या रुग्णांना होणाऱ्या वेदनांपैकी बहुसंख्य वेदना साध्या, स्वस्त आणि तोंडावाटे घेण्याच्या औषधांनी आटोक्यात आणता येतात, हे वैद्यकशास्त्राने अनेक दशकांपूर्वी सिद्ध केले आहे. या औषधांमध्ये सर्वांत महत्त्वाचे मानले जाणारे मॉर्फिन अफूपासून तयार होते आणि औषधासाठी कायदेशीररीत्या अफूची लागवड करणाऱ्या मोजक्या देशांमध्ये भारताचा समावेश होतो. असे असूनही देशातील असंख्य कर्करुग्णांना हे औषध मिळत नाही. कावेरीच्या खोऱ्यातील तंजावरसारख्या जिल्ह्यांमधील रुग्णांच्या दृष्टीने तर हा प्रश्न औषधाइतकाच अंतराचाही आहे. या विषयाची वैद्यकीय, कायदेशीर आणि व्यावहारिक बाजू स्पष्ट करणारा हा आढावा.

तंजावर आणि आरोग्यसेवेची परंपरा

तमिळनाडूतील तंजावर येथे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याची सत्ता होती. या घराण्यातील सरफोजी राजे दुसरे (१७७७-१८३२) यांना वैद्यकशास्त्रात विशेष रस होता. त्यांनी चालवलेल्या 'धन्वंतरी महाल' या संस्थेत भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही पद्धतींच्या औषधांचा अभ्यास होत असे. तेथे अनुभवास आलेल्या उपचारांचे संकलन 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने तमिळमध्ये करण्यात आले. नेत्ररुग्णांच्या आजाराची चित्रांसह ठेवलेली नोंदपत्रेही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन करण्यात आली आहेत. प्रत्येक रुग्णाची तक्रार, तपासणी आणि उपचाराचा परिणाम लिहून ठेवण्याची ही पद्धत त्या काळाच्या मानाने पुढची होती.

आज या भागातील प्रमुख सरकारी वैद्यकीय संस्था म्हणजे १९५९ मध्ये सुरू झालेले तंजावर वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय. तंजावरसह आसपासच्या भातशेतीच्या जिल्ह्यांमधील रुग्ण तेथे उपचारांसाठी येतात. कर्करोगावरील उपचारांसाठी राज्यातील नामांकित संस्थांपैकी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये स्थापन झालेली अड्यार कर्करोग संस्था चेन्नईत आहे. ख्रिश्चन मेडिकल कॉलेज वेल्लोर येथे आहे, तर जवळचे दुसरे मोठे केंद्र असलेली 'जिपमर' ही केंद्रीय संस्था पुद्दुचेरीत आहे. तंजावर ते चेन्नई हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. शस्त्रक्रिया किंवा किरणोपचारांसाठी रुग्ण एकदा, दोनदा हा प्रवास करतो. मात्र रोग बळावल्यानंतर दर काही आठवड्यांनी केवळ वेदनाशामक गोळ्यांसाठी तोच प्रवास करणे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला अशक्य असते. त्यामुळे मॉर्फिन राजधानीत उपलब्ध असणे आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध असणे, या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

वेदना किती जणांना होतात?

विविध देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, कर्करोगावर उपचार सुरू असताना सुमारे ५५ टक्के रुग्णांना वेदना होतात. रोग पसरलेल्या किंवा अखेरच्या अवस्थेतील रुग्णांमध्ये हे प्रमाण सुमारे ६६ टक्के असते. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नव्या कर्करुग्णांचे निदान होते. अनेक रुग्ण आजार बराच पुढे गेल्यानंतर रुग्णालयात पोहोचत असल्याने वेदनाशमनाची गरज असलेल्यांची संख्या मोठी आहे.

कर्करोगातील वेदनांची कारणे एकसारखी नसतात. गाठीचा आजूबाजूच्या अवयवांवर दाब पडल्याने, हाडांमध्ये रोग पसरल्याने, मज्जातंतूंना इजा झाल्याने, आतड्यात अडथळा निर्माण झाल्याने किंवा जखम चिघळल्याने वेदना होऊ शकतात. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांमुळेही काही वेळा दीर्घकाळ दुखणे राहते. तंबाखूच्या सेवनामुळे होणारा तोंडाचा कर्करोग तमिळनाडू आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांमध्ये आढळतो. या रुग्णांना बोलणे, गिळणे आणि झोपणेही कठीण होऊन बसते.

ब्रिटनमधील डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना केवळ शारीरिक नसून तिला मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक बाजूही असते, हा 'संपूर्ण वेदने'चा विचार त्यांनी मांडला. कर्त्या पुरुषाला घर कसे चालेल याची चिंता असेल किंवा आईला मुलांची काळजी असेल, तर गोळीचा परिणामही अपुरा वाटतो, असा या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा अनुभव आहे.

तीन पायऱ्यांची पद्धत

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगातील वेदनांच्या उपचारांसाठी तीन पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. सौम्य वेदनांसाठी पॅरासिटामॉल किंवा दाहशामक गोळ्या, मध्यम वेदनांसाठी कोडीन किंवा ट्रामाडोलसारखी सौम्य अफूजन्य औषधे आणि तीव्र वेदनांसाठी मॉर्फिनसारखी प्रभावी अफूजन्य औषधे, असा हा क्रम आहे. संघटनेने नंतर जाहीर केलेल्या सुधारित मार्गदर्शक सूचनांमध्ये पायऱ्यांचा आग्रह शिथिल करण्यात आला. वेदना सुरुवातीलाच तीव्र असतील, तर खालच्या पायऱ्यांवर वेळ न दवडता रुग्णाच्या गरजेनुसार औषध निवडावे, यावर आता भर दिला जातो.

मूळ तत्त्वे मात्र कायम आहेत. औषध शक्यतो तोंडावाटे द्यावे. दुखू लागण्याची वाट न पाहता ते घड्याळाच्या काट्यानुसार द्यावे. मात्रा प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्रपणे ठरवावी. तसेच दुष्परिणामांसारख्या बारीकसारीक बाबींकडेही लक्ष पुरवावे.

मॉर्फिन कसे दिले जाते?

जर्मन औषधनिर्माते फ्रीडरिक सर्ट्युर्नर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अफूपासून मॉर्फिन वेगळे केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या १९७७ मधील पहिल्या यादीपासून या औषधाचा त्यात समावेश आहे.

लगेच विरघळणाऱ्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम साधारणतः चार तास टिकतो. त्यामुळे ती दर चार तासांनी दिली जाते. मध्यरात्री झोपमोड होऊ नये यासाठी अनेक डॉक्टर रात्री झोपताना दुप्पट मात्रा देतात. सुरुवात कमी मात्रेपासून करून वेदना आटोक्यात येईपर्यंत ती टप्प्याटप्प्याने वाढवली जाते. दोन मात्रांच्या मधल्या वेळेत अचानक वेदना उसळल्यास दिवसभराच्या एकूण मात्रेच्या साधारण एक षष्ठांश इतकी अतिरिक्त मात्रा देण्याची पद्धत आहे. पॅरासिटामॉलप्रमाणे मॉर्फिनला ठराविक कमाल मर्यादा नसते. रुग्णाला आराम पडतो आणि त्रासदायक दुष्परिणाम होत नाहीत, ती मात्रा योग्य मानली जाते.

गिळता न येणाऱ्या रुग्णांना द्रवरूप औषध किंवा लगेच विरघळणारी गोळी पाण्यात मिसळून अन्ननळीद्वारे देता येते. दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळ्या मात्र कुटून किंवा चावून घेणे धोकादायक असते, कारण त्यामुळे बारा तासांचे औषध एकाच वेळी शरीरात जाते. त्वचेवर लावण्याची फेंटॅनिलची पट्टी साधारण तीन दिवस काम करते. ज्यांच्या वेदना स्थिर आहेत अशा रुग्णांसाठी ती उपयुक्त असली, तरी गोळ्यांच्या तुलनेत ती बरीच महाग पडते.

सर्वच वेदनांवर मॉर्फिन सारखेच उपयोगी पडत नाही. मज्जातंतूंच्या वेदनांसाठी अमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेंटिन यांसारख्या औषधांची जोड द्यावी लागते. हाडात पसरलेल्या रोगाच्या वेदनांवर किरणोपचारांची एकच मात्रादेखील अनेक रुग्णांमध्ये परिणामकारक ठरते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात मज्जातंतूंचे जाळे इंजेक्शनद्वारे बधिर करण्याचा पर्याय उपलब्ध असतो.

दुष्परिणाम आणि गैरसमज

बद्धकोष्ठता हा मॉर्फिनचा जवळजवळ अटळ दुष्परिणाम आहे. त्यामुळे पहिल्या दिवसापासून रेचक देणे आवश्यक मानले जाते. केवळ ही काळजी न घेतल्याने अनेक रुग्ण औषध सोडून देतात. मळमळ आणि गुंगी सहसा पहिल्या काही दिवसांत कमी होते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या रुग्णांमध्ये औषधाचे घटक शरीरात साठून राहत असल्याने मात्रा कमी करावी लागते किंवा दुसरे औषध निवडावे लागते. गरजेपेक्षा अधिक मात्रा दिल्यास श्वसन मंदावू शकते. मात्र मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवल्यास हा धोका फारच कमी असतो. अशा प्रसंगी उतारा म्हणून नॅलोक्सोन हे औषध उपलब्ध आहे.

मॉर्फिन म्हणजे 'शेवटचे औषध', ते सुरू केले की रुग्ण लवकर दगावतो, असा समज समाजात खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात योग्य रीतीने दिलेले मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. वेदना थांबल्याने रुग्णाला जेवण, झोप आणि हालचाल शक्य होते. औषधाची गरज रोगाच्या अवस्थेवरून नव्हे, तर वेदनेच्या तीव्रतेवरून ठरते. बरा होण्याची आशा असलेल्या रुग्णालाही उपचारांच्या काळात मॉर्फिन दिले जाऊ शकते.

दुसरा गैरसमज व्यसनाविषयी आहे. मॉर्फिन दीर्घकाळ घेतल्यानंतर शरीराला त्याची सवय होते आणि ते एकदम थांबवल्यास त्रास होतो. ही शारीरिक सवय झाली, व्यसन नव्हे. हानी होत असतानाही पदार्थाची अनावर ओढ वाटणे, हे व्यसनाचे लक्षण होय. वेदनांचे कारण दूर झाल्यास मात्रा हळूहळू कमी करून औषध बंद करता येते. तथापि, धोका अजिबातच नसतो, असे म्हणणेही चुकीचे ठरेल. अमेरिकेत नव्वदच्या दशकापासून किरकोळ आणि दीर्घकालीन दुखण्यांसाठीही अफूजन्य औषधे सढळपणे लिहून देण्यात आली. औषध कंपन्यांनी त्यांचा आक्रमक प्रचार केला आणि त्यातून व्यसनाचे व मृत्यूंचे मोठे संकट उभे राहिले. भारतातील अडचण याच्या उलट टोकाची आहे. औषध गरजूंना मिळावे आणि गैरमार्गाला जाऊ नये, असा समतोल साधणे हे सर्वच देशांपुढील आव्हान आहे.

अफूचा देश, औषधाची टंचाई

भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील अधिसूचित भागांत परवानाधारक शेतकरी अफूची लागवड करतात. केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या देखरेखीखाली हे पीक सरकार विकत घेते आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. येथील अफू औषधनिर्मितीसाठी परदेशातही निर्यात केली जाते.

मात्र १९८५ मध्ये संमत झालेल्या गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमानंतर, म्हणजेच 'एनडीपीएस' कायद्यानंतर, देशातील चित्र पालटले. अमली पदार्थांच्या तस्करीला आळा घालण्याच्या हेतूने केलेल्या या कायद्यात अनेक गुन्ह्यांसाठी किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद होती. मॉर्फिन बाळगणे, त्याची ने-आण करणे, ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणणे यांसाठी वेगवेगळे परवाने घ्यावे लागत. हे परवाने निरनिराळ्या विभागांकडून मिळत. शेवटचा परवाना हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपत असे. परिणामी औषध दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. १९८५ नंतरच्या साधारण बारा वर्षांत देशातील औषधी मॉर्फिनचा वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. या काळात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीला मॉर्फिन वापरण्याचा अनुभवच मिळाला नाही. कायदा शिथिल झाल्यानंतरही परिस्थिती तातडीने न सुधारण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, भारतात गरजू रुग्णामागे वर्षाला सरासरी केवळ ४३ मिलिग्रॅम मॉर्फिन किंवा तत्सम औषध उपलब्ध होत होते. प्रत्यक्ष गरजेच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे ४ टक्के होते. जगभरात वितरित होणाऱ्या सुमारे २९८ टन अफूजन्य औषधांपैकी अल्प उत्पन्न गटातील देशांच्या वाट्याला जेमतेम ०.१ टन येत असल्याचेही या अहवालात म्हटले होते.

२०१४ ची दुरुस्ती

या क्षेत्रातील डॉक्टर, संस्था आणि रुग्णांचे नातेवाईक यांनी दीर्घकाळ केलेल्या पाठपुराव्यानंतर संसदेने २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती केली. या दुरुस्तीने 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांचा त्यात समावेश करण्यात आला. या औषधांबाबतचे नियम करण्याचा अधिकार राज्यांऐवजी केंद्र सरकारकडे आला आणि २०१५ मध्ये देशभरासाठी एकसमान नियम अधिसूचित करण्यात आले.

नव्या व्यवस्थेत रुग्णालयाला अनेक परवान्यांची गरज राहिली नाही. राज्याच्या औषध नियंत्रकांकडून 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून मान्यता मिळवणे पुरेसे ठरते. त्यासाठी वेदनाशमन आणि परिहारक उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक नोंदणीकृत डॉक्टर संस्थेत असावा लागतो. औषधाचा साठा कुलूपबंद ठेवणे, दैनंदिन वापराची नोंद ठेवणे आणि वार्षिक गरजेचा अंदाज तसेच वापराचा तपशील सादर करणे बंधनकारक आहे. रुग्णाला स्वतःसाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही; डॉक्टरांची चिठ्ठी पुरते.

एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडोल या औषधाचाही गैरवापर रोखण्यासाठी एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत समावेश करण्यात आला. ग्रामीण भागात मॉर्फिन मिळत नसल्याने अनेक रुग्ण याच औषधावर अवलंबून होते. त्यामुळे त्याच्या उपलब्धतेविषयी परिहारक उपचार क्षेत्रातून चिंता व्यक्त करण्यात आली होती.

केरळ, तमिळनाडू आणि महाराष्ट्र

या क्षेत्रात केरळचे उदाहरण नेहमी दिले जाते. कोळिकोड येथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने वेदनाशमन केंद्र सुरू झाले. पुढे स्थानिक स्वयंसेवक, परिचारिका आणि पंचायती यांच्या सहभागातून घरोघरी सेवा देण्याची पद्धत विकसित झाली. केरळ सरकारने २००८ मध्ये परिहारक सेवा धोरण जाहीर केले. असे धोरण आखणारे ते देशातील पहिले राज्य ठरले.

तमिळनाडूत ऑगस्ट २०२१ मध्ये 'मक्कळै तेडी मरुत्तुवम', म्हणजे 'लोकांच्या दारी वैद्यकसेवा' ही योजना सुरू करण्यात आली. मधुमेह व उच्च रक्तदाबाच्या औषधांसोबतच अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरी परिहारक सेवा आणि फिजिओथेरपी देण्याचा त्यात समावेश आहे. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या तंजावरच्या परिसरातील खेड्यांसाठी अशी घरपोच सेवा विशेष महत्त्वाची ठरते. परिचारिका घरी पोहोचणे आणि तिच्यामागे मॉर्फिन लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर व औषधाचा नियमित साठा असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच रुग्णाला आराम पडू शकतो.

महाराष्ट्रात मुंबईतील वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन हे देशातील पहिले हॉस्पिस मानले जाते. पुण्यातील वारजे येथे १९९७ पासून सिपला परिहारक उपचार केंद्र कार्यरत आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ मध्ये परिहारक वैद्यक या विषयातील देशातील पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमातही या विषयाला स्थान मिळाले आहे.

वेदना नेमक्या शब्दांत सांगण्याचे महत्त्व

वेदना मोजणारे कोणतेही यंत्र नाही. रुग्ण सांगेल तीच वेदना, हे या शास्त्राचे पहिले सूत्र आहे. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य दुखते, अशा मोजपट्टीचा वापर सर्वत्र केला जातो. वेदनेच्या वर्णनावरूनही तिच्या कारणाचा अंदाज बांधता येतो. मराठीत 'ठणका' म्हटले की सूज किंवा दाब सूचित होतो. 'कळ' येऊन जाणारी वेदना पोटातील पोकळ अवयवांची असू शकते. 'आग होणे', 'चमक मारणे' किंवा 'झिणझिण्या' ही लक्षणे मज्जातंतूंच्या वेदनेकडे निर्देश करतात. तमिळमध्येही साध्या दुखण्यासाठी 'वलि' आणि आग होण्यासाठी 'एरिच्चल' असे वेगळे शब्द आहेत. तंजावर, कुंभकोणम परिसरातील मराठी कुटुंबांत घरी मराठी आणि बाहेर तमिळ बोलली जाते. परराज्यात उपचार घेणाऱ्या रुग्णांप्रमाणेच अशा घरांतील वृद्धांनाही वेदनेचे वर्णन मातृभाषेत करणे सोपे जाते. त्यामुळे सोबतच्या नातेवाइकाने रुग्णाचे शब्द जसेच्या तसे डॉक्टरांना सांगणे हिताचे ठरते.

रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी

वेदना कोणत्या वेळी वाढते, औषधानंतर किती तास आराम पडतो, झोप किती लागते आणि शौचास साफ होते की नाही, याची रोजची नोंद वहीत ठेवल्यास डॉक्टरांना मात्रा ठरवणे सोपे जाते. दुखत नाही म्हणून गोळी चुकवणे किंवा दुखणे वाढले म्हणून परस्पर मात्रा वाढवणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. औषध मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे आणि ते दुसऱ्या कोणालाही देऊ नये. उरलेल्या गोळ्या ज्या संस्थेतून घेतल्या तेथेच परत कराव्यात. श्वास मंदावणे, हाका मारूनही जागे न होणे किंवा असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसल्यास तातडीने डॉक्टरांशी संपर्क साधावा.

मोठ्या शहरातील रुग्णालयातून घरी परतताना आपल्या जिल्ह्यातील कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेत मॉर्फिन मिळेल, याची चौकशी करून तेथील डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी आणि उपचारांचा सारांश मागून घ्यावा. जिल्ह्यात अशी संस्था नसल्यास जिल्हा रुग्णालयाकडे मान्यतेबाबत विचारणा करता येते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर या मान्यतेच्या मार्गातील मुख्य कायदेशीर अडसर दूर झाला आहे. आता प्रशिक्षित डॉक्टर नेमणे, साठ्याची मागणी वेळेवर नोंदवणे आणि नोंदवही नियमित ठेवणे, ही कामे प्रत्येक जिल्ह्याच्या पातळीवरच व्हावयाची आहेत.